बंद आहे, खुशाल बघा

"तुम्ही कधी सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलंय का?" डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा तिला हसूच आलं. ती आली होती वाचायच्या चष्म्याचा नंबर काढायला. सत्तेचाळिसावं सरत आलं होतं, औषधाच्या बाटलीवरची अक्षरं हात लांब करून वाचावी लागत होती, आणि नवरा रोज टोमणे मारत होता, हात पुरेनासा झाला की मग जाणार आहेस का? म्हणून ऑफिसला जायच्या आधीची पहिली वेळ घेऊन ती आली होती. "नाही," ती म्हणाली. "वेल्डिंग वगैरे करता? किंवा वेल्डिंग चालू असताना जवळ उभं राहणं?" "नाही हो." डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. एक मोठा नारिंगी गोळा, त्यावर मुळांसारख्या पसरलेल्या लाल रेघा. तिच्याच उजव्या डोळ्याच्या आतली बाजू. मध्यापासून जराशी खाली एक फिकट ठिपका होता, मोहरीच्या दाण्याएवढा, कडा काळसर. "हा डाग भाजल्याचा आहे. जुना. आठ-दहा वर्षं तरी झाली असतील. प्रखर उजेडाने होतो असा." मग त्या सहज म्हणाल्या, "काम काय करता तुम्ही?" आणि उत्तर द्यायच्या आधीच तिच्या लक्षात आलं. लेझर. अठरा-वीस वर्षं ती लेझर चालवत होती.

"पण मला कळलं कसं नाही?" तिने विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाग अगदी मध्यावर नाही, नशीब समजा, आणि एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा डोळा दाखवतो, तेही जमलं नाही तर मेंदू आजूबाजूचं बघून रिकामी जागा रंगवून टाकतो. त्यांनी चौकटीचौकटींचा एक कागद हातात दिला आणि डावा डोळा झाकायला सांगितला. तिने झाकला. मधल्या ठिपक्याच्या जरा खाली दोन रेघा एकमेकींकडे झुकल्या होत्या, आणि जिथे त्या भेटायला हव्या होत्या तिथे काहीच नव्हतं. नुसता कोरा कागदही नव्हता. काहीच नव्हतं. "काही दुखलं-खुपलं तर कळतं," डॉक्टरीणबाई चष्म्याचा नंबर लिहिता लिहिता म्हणाल्या, "डोळ्याच्या पडद्याला दुखतच नाही."

रस्त्यावर आल्यावर तिने पहिल्यांदा डावा डोळा मिटून दुकानांच्या पाट्या बघितल्या. लोक जात येत होते, आणि ती, एक मध्यमवयीन बाई, फुटपाथच्या कडेला उभी राहून डोळा मिचकावत होती. एका माणसाने तर गडबडून स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. एका पाटीतलं एक अक्षर गेलं. मान हलवली की परत आलं. नऊ-दहा वर्षं ती या डोळ्याने रस्ता ओलांडत होती, लेकीचे केस विंचरत होती, सर्किटचे नकाशे तपासत होती. बसमध्ये चढल्यावर जागा मिळाली तरी ती उभीच राहिली. काय झालं याच्यापेक्षा कधी झालं हा प्रश्न तिला जास्त छळत होता. आयुष्यातला एक क्षण, ज्यात तिचा डोळा भाजला गेला, तो तिच्या अंगावरून गेला होता आणि तिने मान वळवूनही बघितलं नव्हतं.

तिचं काम सांगायला सोपं होतं, करायला नव्हतं. काचेच्या तंतूतून निरोप पाठवायचा तर उजेड लावायचा आणि मालवायचा, लावायचा आणि मालवायचा, सेकंदात कोट्यवधी वेळा. उजेड लावणारं, मालवणारं ते सर्किट ती करायची. नोकरी लागली तेव्हा एलईडीवर सुरुवात केली होती. एलईडी म्हणजे सुस्त प्राणी. वीज तोडली तरी आतला उजेड रेंगाळतो, पाहुण्याने चपला घालून दारात अर्धा तास गप्पा माराव्यात तसा. त्याला घालवायला उलटा झटका द्यावा लागतो. ते तिने करून दाखवलं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, आणि थोरले साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, स्वतः तिच्या टेबलाशी येऊन स्क्रीनवरची उभी धार बघून म्हणाले होते, "पोरी, जिना होता, त्याची तू भिंत केलीस." पुढे लेझर आला. लेझरची तऱ्हा वेगळी. ठरावीक प्रवाहाच्या खाली तो जवळजवळ मुका असतो. तो थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा, ओलांडला की एकदम बोलायला लागतो. शून्यापासून उंबरठ्यापर्यंत यायला त्याला वेळ लागतो, म्हणून लेझर झटपट लावायचा असेल तर तो कधी पूर्ण बंद करायचाच नाही. उंबरठ्याच्या अगदी अलीकडे उभा करून ठेवायचा. या उभं करून ठेवण्याला बायस म्हणतात. बायस किती द्यायचा यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ऑफिसात गेल्यावर तिने कुणाशी न बोलता जुन्या वह्यांचं कपाट उघडलं. ती वह्या टाकायची नाही, यावरून सगळे तिची थट्टा करायचे. आठ वर्षांपूर्वीची, नऊ वर्षांपूर्वीची, दहा वर्षांपूर्वीची. अलीकडे सगळे लेझर डब्यात बंद असत, झाकण उघडलं की वीज तुटे. उघड्यावरचं काम फक्त त्या वर्षांतलं. पानं उलटताना तिला वाटत होतं, काही सापडणार नाही, एखाद्या परक्या प्रयोगशाळेत, एखाद्या प्रदर्शनात झालं असेल, दुसऱ्या कुणाच्या चुकीने. आणि मग ते पान आलं. स्वतःचं अक्षर ओळखायला काय लागतं? उंबरठा ३०५, बायस २९०, खोली २४ अंश. खाली दोन रेघा मारून, समाधानाने लिहिलेलं: उत्तम. त्याच्या पुढचं पान चार दिवसांनंतरचं. वर कोपऱ्यात बारीक अक्षरात: इमारतीचे हीटर बंद, खोली ९ अंश. लेन्सवर धूळ, साफ केली. मोजमाप ठीक.

नऊ अंश. तिने ते दोनदा वाचलं. मग टेबलावरचा पेन उचलला आणि जे तिला एका सेकंदात कळलं होतं ते उगाच कागदावर मांडत बसली, कारण मांडेपर्यंत ते खरं नव्हतं. थंडीत लेझरचा उंबरठा खाली येतो. हे ती नव्या इंजिनिअरांना पहिल्या आठवड्यात शिकवायची. चोवीस अंशांना तीनशेपाच, तर नऊ अंशांना दोनशेशहात्तर. आणि बायस होता दोनशेनव्वद. म्हणजे चौदा मिलिअँपिअर उंबरठ्याच्या पलीकडे. लेझर बंद नव्हता. सबंध सकाळ तो लेन्समधून सरळ एक झोत सोडत होता, डोळ्याला न दिसणारा, आणि पॅनेलवरचा हिरवा दिवा सांगत होता की बंद आहे. कारण तो दिवा तिने ठोक्यांना, म्हणजे उजेडाच्या लावण्या-मालवण्याला, जोडला होता, ठोके थांबले की हिरवा. बायसचं त्याला काही माहीतच नव्हतं. तिला ती सकाळ आठवली. सगळे स्वेटर घालून, तोंडातून वाफा काढत. स्क्रीनवरची धार वाकडी येत होती, लेन्सवर धूळ दिसत होती. ती हिरव्या दिव्याकडे बघून म्हणाली होती, "बंद आहे, खुशाल बघा," आणि मग आपणही क्षणभर वाकून बघितलं होतं.

बघा. कोणाला म्हणाली होती ती?

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वर पाहिलं. "मॅडम, बरं वाटत नाहीये का?" तिने नुसता हात हलवला. भिंगकाका. धूळ काढायला भिंगकाका वाकले होते. ते कंपनीतले सगळ्यात जुने कारागीर. कपाळावर घड्याळजीचं भिंग सदैव चढवलेलं, जेवतानासुद्धा, म्हणून हे नाव. केसाएवढ्या तारा ते सोल्डरने जोडायचे, श्वास रोखून, आणि जोडून झालं की "घ्या, लागलं लग्न" म्हणायचे. ते उजव्या डोळ्यावर भिंग ओढून वाकले होते. तिच्यासारखे क्षणभर नाही. ते कुठलंच काम क्षणभर करत नसत. कापूस फिरवत, बघत, पुन्हा फिरवत, सावकाश, तिने बंद आहे सांगितलं होतं म्हणून.

पुढचं सगळं ओळीने येत गेलं, तिने न बोलावता. त्यानंतर महिनाभराने काका चहाच्या वेळी म्हणाले होते, "मॅडम, हल्ली रेघा वाकतात हो माझ्या." आणि ती म्हणाली होती, "काका, सरळ रेघ जगात असते कुठे?" सगळे हसले होते. काकाही हसले होते. त्यांनी नवा चष्मा केला. मग दुसरा केला. मग त्यांनी जोडलेल्या सर्किटच्या वीस पाट्यांतल्या अकरा गिऱ्हाइकाकडून परत आल्या, तारा भलतीकडे, सोल्डरचे थेंब शेजारच्या पिनेवर सांडलेले. साहेबांनी तिच्याकडे अभिप्राय मागितला. तो तिने एका दुपारी, दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात लिहिला. हाताची स्थिरता राहिलेली नाही. सूक्ष्म कामासाठी योग्य नाहीत. खाली सही. खोटं काही लिहिलं नव्हतं, जे दिसलं तेच लिहिलं होतं. काकांना सामानाच्या खोलीत बसवलं, स्क्रू आणि खोकी मोजायला, आणि दोन महिन्यांनी ते आपण होऊन सोडून गेले. निरोपाच्या कार्यक्रमाला आलेच नाहीत. कुणीतरी म्हणालं, वय झालं की माणूस हट्टी होतो.

आणि याहून वाईट एक गोष्ट होती, ती सगळ्यांत शेवटी वर आली. काका नोकरी सोडून गेल्यावर वर्षभराने एका गिऱ्हाइकाची तक्रार आली होती: थंडीत तुमचा लेझर बंद केला तरी थोडा उजेड येत राहतो. तिने कारण पाच मिनिटांत ओळखलं होतं, दोन दिवसांत तापमान ओळखून बायस कमी करणारा एक छोटा भाग बसवून दिला होता, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. थंडी माहीत होती, चूक माहीत होती, दुरुस्ती तिचीच होती. फक्त मागे वळून एकदाही तिने विचारलं नव्हतं, की त्या आधीच्या थंडीत लेन्ससमोर कोण होतं? आठ वर्षं. तिला आपल्या हुशारीची किळस आली, तोंडात गंजाची चव यावी तशी.

नवऱ्याला फोन केला तेव्हा तो आधी डोळ्याबद्दलच विचारत राहिला. आणखी खराब होणार आहे का, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू या का. मग तिने काकांचं सांगितलं, आणि आपण आत्ता त्यांच्याकडे निघालोय हेही. "हे बघ," तो म्हणाला, "आज कुठे जाऊ नकोस. आधी कुणातरी वकिलाशी बोलू. तू कंपनीच्या वतीने लिहिलं होतंस ना ते?"

"सही माझी होती."

"नऊ वर्षं झाली गं. त्या माणसाने केव्हाच सोडून दिलं असेल. तू जाऊन खपली काढणार. त्यांच्यासाठी चाललीयेस की स्वतःसाठी?"

"कळेल तिथे गेल्यावर," असं ती म्हणाली आणि त्याने पुढे काही म्हणायच्या आत फोन ठेवला. निघण्याआधी तिने प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं की सगळ्यांनी याच आठवड्यात डोळे तपासून घ्यायचे, भिंतीवरचा तक्ता वाचून नाही, पडद्याचा फोटो काढून.

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांच्या लेकीने उघडलं. तिने ओळखलं नाही, पण काकांनी आतून आवाजावरून ओळखलं. "मॅडम? अगं, आमच्या मॅडम आल्यात! बसा, बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो." कपाळावर भिंग नव्हतं, तेवढी जागा उघडी पडल्यासारखी वाटत होती. ते खिडकीशी बसले होते, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात. साहेब कसे आहेत, अमका आहे का, तमका अजून वेळेवर येतो का, असं सगळं विचारून झालं. लेकीने चहा आणला तेव्हा काकांनी कपाला हात लावला नाही. तिने कप टेबलावर ठेवला आणि ते वाकून, कप न उचलता, एक घोट प्यायले. मग खजील होऊन हसले. "सवय झालीये. हात गेले ना माझे. शेजारीपाजारी रेडिओ घेऊन येतात, मी नाही म्हणतो. काय सांगायचं त्यांना?"

"नातीलासुद्धा कधी उभ्याने घेतलं नाही," लेक म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, इतक्या वर्षांत ती झिजून गेली होती. "पलंगावर बसायचे, मग म्हणायचे, ठेव मांडीवर. हातातून पडेल म्हणून."

इकडे येताना तिने मनात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. तिने वर्तमानपत्र ओढलं, कडेच्या पांढऱ्या जागेत पेनने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि म्हणाली, "काका, डावा डोळा झाका आणि हे बघा." काकांनी खिशातून एक हात काढला, डोळा झाकला. बराच वेळ बघितलं. "मध्ये काही नाहीच," ते म्हणाले. "कडेला आहेत रेघा, त्या आत ओढल्यासारख्या. मोतीबिंदू असेल, असं चष्मेवाला म्हणाला होता. हात गेले, तर डोळ्याचं काय घेऊन बसायचं?" मग तिने सांगितलं. थंडीची सकाळ, बायस, हिरवा दिवा. लेकीला कळावं म्हणून सोप्या शब्दांत, आणि काकांना कळावं म्हणून आकड्यांत. आपल्या डोळ्यातला डागही सांगितला, आणि सांगताना तिला जाणवलं की हे सांगायला नको होतं, हे भागीदारी मागितल्यासारखं झालं.

काकांनी दोन्ही हात खिशातून काढले. समोर धरले, बोटं पसरून. खिडकीच्या उजेडात ते हात दोन वस्तूंसारखे दिसत होते, कुणाच्या नसल्यासारखे. एकही बोट हलत नव्हतं. ते हातांकडे बघत होते, लेक हातांकडे बघत होती.

"हे ठीक आहेत?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहेत, काका. तेव्हाही ठीक होते. भिंगाच्या डोळ्याला मधलंच दिसत नव्हतं, म्हणून तार चुकत होती."

"ऐकलंस का गं," ते लेकीला म्हणाले, पण हातांवरची नजर काढली नाही. "हात ठीक होते माझे. हात ठीक होते." त्यांचा आवाज आनंदाचा होता की रडण्याचा हे तिला ठरवता येईना. त्यांनी कप उचलला. एक घोटच कमी झालेला कप. तोंडापर्यंत नेला आणि एक थेंब न सांडता खाली ठेवला. मग दुसऱ्या हाताने तेच केलं.

"ते पत्र कोणी लिहिलं होतं?" लेकीने विचारलं. ती अजून उभीच होती. "हात स्थिर नाहीत असं लिहिलेलं. बाबा ते शब्द झोपेत बोलायचे."

"मी."

काकांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "मला वाटलं, साहेबांनी." बस, एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. पण तिथे फक्त नवल होतं, निर्मळ, लहान मुलाच्या चेहऱ्यावर असतं तसं, आणि ते जाता जाईना. आता उठावं असं तिला वाटलं.

"किती अंश म्हणालात खोलीत?" काकांनी विचारलं.

"नऊ."

"हो. नऊच. मी बघितलं होतं." ते थांबले. "मी म्हणालो होतो तुम्हाला. हीटर बंद आहे, लेझर थंड आहे, आज राहू द्या, मॅडम, उद्या बघू. आठवतंय?"

तिला आठवत नव्हतं. तिने शोधलं. थंडी होती, स्वेटर होते, वाफा होत्या, हिरवा दिवा होता, वाकलेली पाठ होती. काकांचं बोलणं नव्हतं. त्या जागी शांतता होती, अखंड, शिवण नसलेली, इतकी खरी की तिने शपथ घेतली असती. "तुम्ही म्हणालात," काका शांतपणे सांगत होते, "साहेबांना दुपारपर्यंत हवंय. आणि मग म्हणालात, बंद आहे, खुशाल बघा."

"काका, मला हे आठवत नाही."

"बाबांना आठवतंय," लेक म्हणाली. तिने आतून कोरा कागद आणून टेबलावर ठेवला, कपाच्या शेजारी. "लिहून द्या. सगळं. कंपनीलाही द्या, आम्हालाही द्या. तेव्हा जसं लिहिलं होतंत तसंच, सही करून."

तिने पेन घेतला. तारीख, खोलीचं तापमान, दोनशेनव्वद, दोनशेशहात्तर, लेझर बंद नव्हता. कारागिराच्या हातात कोणताही दोष नव्हता. माझा अभिप्राय चुकीचा होता. अर्ध्या पानावर ती थांबली. काका घाई करत नव्हते. ती लिहीत असताना कामावर जसे उभे राहायचे तसे ते शेजारी येऊन उभे होते, हात पाठीमागे बांधून. जे आपल्याला आठवत नाही ते आपल्या सहीने लिहायचं, हे तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. मोजल्याशिवाय ती एक आकडा लिहीत नसे. तिने लिहिलं: लेझर थंड आहे, आज राहू द्या, असं त्यांनी मला त्याच वेळी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

काकांनी कागद उचलून खिडकीशी नेला. उजवा डोळा मिटून, डाव्या डोळ्याने, ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचला. मग परत आणून तिच्यासमोर ठेवला.

"‘आज राहू द्या’च्या पुढे ‘मॅडम’ घाला," ते म्हणाले. "मी तसं म्हणालो होतो."